सुतारकामातलं किती यंत्राकडे जाणार? आपल्याच वहीतून काढायचा हिशोब

सात बाय सहा फुटांचं साधं कपाट घ्या. माप घेणं, घरातल्या बाईंशी बोलून खण ठरवणं, प्लायची यादी काढणं, दुकानात जाऊन शीट उलटसुलट करून बघणं, कापणी, सनमायका चिकटवणं, कडेची पट्टी, बिजागरीची भोकं, ड्रॉवरचे चॅनल (ड्रॉवर सरकायच्या पट्ट्या), अरुंद जिन्यातून माल वर चढवणं, वाकड्या भिंतीला कपाट टेकवणं, तिन्ही पाखं (कपाटाची दारं) एका रेषेत आणणं. शेवटी आजीबाई म्हणतात, ‘कुलूप जरा वर घ्या, लेकराचा हात पोचतो.’ मग तेही करायचं. या सगळ्याला मिळून आपण सुतारकाम म्हणतो. त्यामुळे ‘सुतारकाम रोबोट करणार का?’ असं विचारून हाती काही लागत नाही. यातलं कोणतं काम, कुठलं, महिन्यात किती वेळा, असं विचारलं की उत्तर निघतं, आणि ते आपल्याच वहीतून निघतं.

पुढची रीत दोन-चार माणसांच्या दुकानासाठी आणि साईटवर जाणाऱ्या मिस्त्रींसाठी आहे. लातूर असो, परळी असो की वाळूजच्या पत्र्याच्या शेडमधला कारखाना, रीत तीच. एक वही आणि कामाचे दहा दिवस पुरतात.

वही कशी भरायची

पानावर पाच रकाने आखा: काम, दुकानात की साईटवर, किती अर्धे तास, कोणी केलं, आणि पुन्हा करावं लागलं का. ‘दिवसभर कपाट केलं’ ही नोंद निरुपयोगी. ‘पाखं कापली, दोन अर्धे तास’, ‘चॅनल बसवले, तीन अर्धे तास, एक ड्रॉवर पुन्हा’ अशी नोंद हवी. उचल-ठेव, वाट बघणं, दुकानात हेलपाटे घालणं हीसुद्धा कामंच आहेत, त्यांना वेगळी ओळ द्या.

संध्याकाळी एकदम वही भरायला बसलात की फसलात. दिवसभर कटर मशीन कानाशी ओरडत असतं, म्हणून कापणी जास्त आठवते. ओळंबा धरून घालवलेला पाऊण तास आठवतच नाही. चहाला एकदा, जेवताना एकदा आणि सुट्टीला एकदा अशा तीन वेळा नोंदी करा. दहा दिवसांनी कामवार बेरीज मारली की कापणीचा आकडा बहुधा वाटला होता त्यापेक्षा लहान निघतो. शेवटचा रकाना मात्र लाल पेनानं भरा. जे काम वारंवार पुन्हा करावं लागतं, तिथे यंत्र सगळ्यात आधी शिरतं, कारण गिऱ्हाइकाची तक्रारही तिथलीच असते.

चार प्रश्न

वहीतल्या प्रत्येक कामाला चार प्रश्न विचारा आणि दर प्रश्नाला ० ते २ गुण द्या.

पहिला: वस्तू यंत्राजवळ नेता येते का? सुटी शीट नेता येते, २ गुण. भिंतीत बसलेली चौकट नेता येत नाही, ०.

दुसरा: माप आधी कागदावर असतं की जागेवर सापडतं? कागदावर पक्कं असेल तर २, थोडं पुढे-मागे होत असेल तर १, टेकवून बघितल्याशिवाय कळतच नसेल तर ०.

तिसरा: तेच काम महिन्यात किती वेळा होतं? दोनशेच्या वर असेल तर २, वीस ते दोनशे असेल तर १, त्याखाली ०.

चौथा: चूक टेप किंवा व्हर्नियरनं (जाडी-खोलीचं बारीक माप घेणारं हत्यार) पकडता येते का? येत असेल तर २. हात फिरवून, दाबून किंवा घरच्यांना विचारूनच कळत असेल तर ०.

सात-आठ गुणांचं काम यंत्राकडे गेलंच असं धरा. तुमच्या दुकानात नसेल गेलं, तर शेजारच्या शहरातल्या कारखान्यात गेलंय. चार ते सहाच्या कामात माणूस राहतो, हत्यार बदलतं. तीन आणि त्याखालचं काम तुमच्या हातात राहतं. या दोन टोकांची एकेक गोष्ट जवळून बघू.

एक भोक आणि एक भिंत

ऑटो बिजागरीचा कप, म्हणजे पाखात बसणारी गोल वाटी. तिचं भोक म्हणजे ३५ मिमी व्यास आणि १२.५ ते १३ मिमी खोली. पाखाच्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत २१.५ ते २२.५ मिमी, वरच्या आणि खालच्या टोकापासून साधारण १०० मिमी. सात फुटी पाखाला चार बिजागऱ्या धरल्या तर तीन पाखांच्या कपाटाला बारा भोकं झाली. महिन्याला वीस कपाटं करणाऱ्या कारखान्यात ती २४० होतात. हातातलं ड्रिल जरा जरी कललं, तरी कपची एक बाजू वर राहते आणि पाख कधीच सपाट बसत नाही. खोली दोन-तीन मिमी जास्त गेली, तर बिटचं मधलं टोक पलीकडे पोचतं आणि समोरच्या सनमायकावर पुळीसारखा उंचवटा दिसतो. तो झाकता येत नाही, पाखच बदलावं लागतं. वस्तू सुटी, माप ठरलेलं, काम शेकड्यानं, चूक व्हर्नियरवर दिसणारी. आठपैकी आठ. यासाठी रोबोटही लागत नाही, साधं खाली-वर होणारं ड्रिलिंग यंत्र पुरतं.

आता दुसरं टोक. माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) जुनं घर, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, आणि दोन भिंतींच्या मधल्या कोनाड्यासारख्या जागेत कपाट बसवायचंय. इथे रुंदीचं एक माप घेऊन भागत नाही. खाली, मध्ये, वर आणि प्रत्येक उंचीवर समोर, मध्ये, मागे अशी नऊ मापं घ्यायची आणि सगळ्यात लहान धरायचं. त्यातून ४० मिमी वजा केले की सांगाड्याची रुंदी मिळाली, म्हणजे दोन्हीकडे निदान २० मिमी जागा सुटली. ती झाकायला ६० मिमी रुंदीची पट्टी घ्या, ओळंब्यात भिंतीला टेकवून धरा. सगळ्यात मोठी फट जेवढी, तेवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा घ्या. त्याला पेन्सिल लावून ठोकळा भिंतीवरून वरपासून खालपर्यंत सरकवत न्या. भिंतीचा पोट-खळगा जसाच्या तसा पट्टीवर उतरतो. जिगसॉनं कापताना पातं मागच्या बाजूला पाचेक अंश कलतं ठेवा, म्हणजे पट्टीची समोरची धारच भिंतीला भिडते आणि मागचा भाग अडत नाही.

लेझर स्कॅनर ही नऊ मापं काही सेकंदांत घेतो, आणि मिलिमीटरपर्यंत घेतो. अडचण त्यानंतरची आहे. पट्टी दाबली की गिलाव्याचा पोपडा पडतो. मग पट्टी किती कापायची आणि भिंतीचा फुगवटा किती तासायचा, हे बोटांनी दाबून ठरतं. पांढऱ्या मातीत ८ मिमीचा रावळप्लग धरत नाही, ओढला की बोटानंच बाहेर येतो. म्हणून सगळा भार जमिनीवर घ्यायचा, खाली १०० मिमीचे फिरते पाय लावायचे, आणि वरून फक्त एक लोखंडी पट्टी खांबाला किंवा तुळईला बांधायची. खांब कुठे आहे, तो आतून वाळवीनं पोकळ झालाय का, हे टकटक करून ऐकायचं. चारही प्रश्नांना शून्य, फार तर एक गुण. असं काम करणारं यंत्र बांधणं अशक्य आहे असं नाही, पण एका कोनाड्यासाठी ते कोण आणणार?

नव्या अपार्टमेंटमध्ये याच कामाला तीन-चार गुण मिळतात, कारण तिथे भिंती बऱ्यापैकी ओळंब्यात असतात आणि वीस फ्लॅटच्या बेडरूमचं माप जवळपास सारखं असतं. जागा बदलली की गुण बदलतात, म्हणून दुसऱ्या गावाचा तक्ता तुमच्या कामाला लावू नका.

पाचवा प्रश्न: ही वस्तूच लागणार आहे का?

याला गुण नाहीत. उत्तर ‘नाही’ आलं, तर ते काम वहीत खोडून टाकायचं, मग त्याला चार प्रश्नांत कितीही कमी गुण असोत.

मराठवाड्यातल्या सुतारांचं सगळ्यात मोठं काम कशानं गेलं ते आठवा. तिफण, कुळव, वखर, जू, बैलगाडी ही गावच्या सुताराची बांधलेली कामं, बलुत्यावर चालणारी. गाडीच्या चाकाचा तुंबा (मधला गाभा) बाभळीचा, त्यात आरे ठोकायचे, भोवती लाकडी पाटे, वर तापवलेली लोखंडी धाव चढवून पाणी ओतायचं. धाव आवळली की सगळं चाक घट्ट. आऱ्याचा कोन डोळ्यानं धरायचा असतो, या कामाला चार प्रश्नांत दोनाच्या वर गुण मिळाले नसते. आणि खरंच, चाक बनवणारं कुठलंही यंत्र गावात आलं नाही. ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारं आली, टायरची गाडी आली. सुताराची कला कुणी उचलली नाही, ती लागेनाशीच झाली.

आज तेच पुन्हा चाललंय, आणि आपण मात्र टीव्हीवरच्या रोबोटकडे बघतोय. लाकडी खिडकीच्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. सागवानी चौकटीच्या जागी ग्रॅनाइटची किंवा डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली). स्लॅबच्या सेंट्रिंगला बल्ल्या आणि फळ्या जाऊन लोखंडी प्लेटा आणि जॅक आले, मोठ्या प्रकल्पांत सगळा साचाच ॲल्युमिनियमचा. बाज जाऊन लोखंडी पलंग. बाथरूमचं दार पीव्हीसीचं. यात एआय कुठेच नाही. तुमच्या वहीतल्या किती ओळी या यादीत बसतात ते आधी मोजा, रोबोटचं नंतर.

७२ टक्क्यांचा आकडा कसा वाचायचा

‘सुतारकाम जाण्याची शक्यता ७२ टक्के’ असं इंटरनेटवर फिरत असतं. तो आकडा २०१३ सालच्या ऑक्सफर्डच्या अभ्यासातला. कार्ल फ्रे आणि मायकल ऑसबर्न यांनी अमेरिकेतले ७०२ व्यवसाय घेऊन प्रत्येकाला आकडा दिला. त्यात सुतारांसमोर ०.७२ आहे. त्याच तक्त्यात फर्निचर करणारे आणि दुकानातल्या बाकावर काम करणारे सुतार वेगळे धरलेत आणि त्यांच्यासमोर ०.९२ आहे.

हा आकडा वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. तो ‘तंत्रानं करता येईल का’ एवढंच सांगतो. कधी होईल, परवडेल का, हे त्यात नाही. तो पूर्ण व्यवसायाला एकच आकडा देतो, म्हणजे भोक आणि भिंत एकाच पोत्यात. आणि व्यवसायांची वर्णनं अमेरिकेतली आहेत, जिथे घरच लाकडी सांगाड्याचं असतं. २०१६ साली ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात व्यवसायाऐवजी त्यातली कामं सुटी करून मोजली. तेव्हा धोक्यातल्या नोकऱ्यांची २१ देशांची सरासरी ९ टक्के निघाली, पहिल्या अभ्यासात अमेरिकेपुरता आकडा ४७ टक्के होता. मोजायची रीत बदलली की एवढा फरक पडतो. या सगळ्यातून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे ७२ आणि ९२ यांच्यातलं अंतर: दुकानातलं काम साईटच्या कामापेक्षा लवकर जातं.

खुद्द रोबोट कुठवर आलेत? सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात २०१८ साली दोन यांत्रिक हातांनी आयकियाची एक लाकडी खुर्ची जुळवली. जोडायला ८ मिनिटं ५५ सेकंद लागले, आणि हात कसे हलवायचे याचा हिशोब करायलाच ११ मिनिटं २१ सेकंद. सुटे भाग कारखान्यातून भोकांसह तयार आले होते. त्याच वर्षी जपानमध्ये १०१ किलोच्या माणसासारख्या रोबोटनं जिप्सम बोर्ड उचलून भिंतीला स्क्रूनं बसवून दाखवला. दोन्हीकडे जागा मोकळी, उजेड नीट, बोर्ड सरळ. लाकडी घरांच्या कैच्या (छताचे त्रिकोणी सांगाडे) बनवणाऱ्या परदेशी कारखान्यांत मात्र कापण्या-जोडण्याचं काम यंत्रं सर्रास करतात, कारण तिथे चारही प्रश्नांना दोन-दोन गुण मिळतात.

फोनमधलं एआय: यादी काढून घ्या, पण तपासून

आजघडीला एआय सुताराच्या पटाशीला हात लावत नाही, त्याच्या कागदाला लावतं. फोटोवरून डिझाईन, मापावरून कापणीची यादी, शीटवर तुकडे कसे बसवायचे त्याची मांडणी, अंदाजपत्रक. हे काम ते झटकन करतं आणि चुकाही ठरावीक करतं, त्यामुळे त्या पकडता येतात.

पहिली चूक मापाच्या भाषेची. आपण बोलतो सव्वा दोन फूट दोन सूत. एका इंचात आठ सूत, एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी, तेव्हा हे माप ६८५.८ अधिक ६.३५, म्हणजे ६९२ मिमी. बोलून टाईप करताना सूत गळाला तर सहा मिमी गेले. एआयला माप द्यायचं ते आकड्यांत आणि मिमीमध्येच टाइप करून द्या. दुकानातल्या सगळ्यांनी एकाच टेपनं मापायचं, हेही त्यात आलं. दोन टेपांच्या हुकांत अर्धा-एक मिमीचा फरक सहज सापडतो.

दुसरी चूक जाडीची. ९०० मिमी रुंद सांगाडा, बाजूच्या फळ्या १८ मिमीच्या. तळाची फळी ९०० वजा ३६, म्हणजे ८६४. आत ड्रॉवर बसतो तेव्हा बॉल बेअरिंगचा चॅनल प्रत्येक बाजूला चार सूत, म्हणजे १२.७ मिमी खातो. म्हणून ड्रॉवरची बाहेरची रुंदी ८६४ वजा २६, म्हणजे ८३८. ड्रॉवरच्या बाजू १२ मिमीच्या असतील तर पुढची-मागची फळी ८१४. यादीत ड्रॉवरसमोर ८६४ दिसलं, की चॅनल विसरलंय हे ओळखा. आतून ०.८ मिमीचा मायका दोन्ही बाजूंना लावणार असाल, तर यातून आणखी १.६ मिमी गेले. आणि १८ मिमी लिहिलेली शीट १८ भरेलच असं नाही. व्हर्नियरनं चारी कोपरे आणि लांब कडांचे मध्य अशा सहा जागी मोजा आणि खरा आकडा यादीत घाला. खाच मापात आणि प्लाय अर्धा मिमी बारीक, मग सांधा खुळखुळतो.

तिसरी कडेच्या पट्टीची. तयार पाख ५९७ मिमी हवं आणि दोन्ही कडांना २ मिमीची पट्टी लागणार, तर कापायचं माप ५९३. ‘हे कापायचं माप आहे की तयार माप?’ एवढा एकच प्रश्न यादी देणाऱ्याला विचारा, मग तो माणूस असो की फोन.

चौथी चूक भरीव लाकडाची. मे महिन्यात ४२ अंशांत वाळलेली सागाची फळी आणि ऑगस्टमधली तीच फळी यांची रुंदी सारखी नसते. लाकडातल्या ओलीत ४ टक्क्यांचा फरक पडला, तर ३०० मिमीची आडव्या रेषांची फळी साधारण २ मिमी वाढते. उन्हाळ्यात दाराचं दिलं (चौकटीतली मधली फळी) खाचेत घट्ट ठोकलं की पावसाळ्यात चौकटीचा सांधा उघडतो. दोन्हीकडे दीड-दोन मिमी सैल ठेवा आणि दिल्याला गोंद लावू नका. यादी काढणाऱ्या फोनला महिना माहीत नसतो.

चित्रांबद्दल एकच. एआयनं काढलेलं बेडरूमचं चित्र गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी त्यातली पाखं मनात उघडून बघा. पलंगाला अडणारं पाख, बिजागरीला जागाच नसलेला कोपरा, सहा फुटी फळी मधल्या आधाराविना: चित्रात हे सगळं छान दिसतं. १८ मिमी प्लायची आडवी फळी तीन फुटांच्या आत आधार मागते, नाहीतर कपड्यांच्या वजनानं पोट सोडते.

यंत्र घ्यायचं की बाहेरून कापून आणायचं

आठ बाय चार फुटांची शीट मावणारं सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेनं फिरतं बिट चालवून कापणारं यंत्र) म्हणजे बाजारात ‘१३२५’ म्हणतात ते. घ्यायचं की नाही हे महिन्याच्या शीटांवर ठरतं. हप्ता, चालवणाऱ्याचा पगार, वीज, बिट आणि देखभाल यांची बेरीज करा, आणि एका शीटमागे जेवढी मजुरी वाचते त्यानं भागा. नुसती रीत कळावी म्हणून आकडे धरू: हप्ता २८,०००, पगार १८,०००, वीज ७,०००, बिट-देखभाल ५,०००, एकूण ५८,०००. शीटमागे ४०० वाचत असतील तर महिन्याला १४५ शीट हव्यात, कामाचे पंचवीस दिवस धरले तर रोज जवळजवळ सहा. यंत्र विकणारा फक्त हप्ता धरून ७० शीट सांगतो, तिथे गफलत आहे. तुमच्या वहीत रोज दोन शीट दिसत असतील, तर जॉब वर्कवर कापून आणा. तेही नाही जमलं तर चांगला पॅनल सॉ आणि कडेची पट्टी चिकटवायचं हातातलं एज बँडिंग यंत्र बराच पल्ला गाठतं.

घेतलंच, तर आधी वीज. राउटरची मोटर, व्हॅक्यूम पंप आणि धूळ ओढणारा पंखा एकदम चालतात, तीन फेजची जोडणी आणि मंजूर भार आधी बघा. गावाकडे व्होल्टेज उतरलं की स्पिंडलचा (बिट फिरवणाऱ्या मोटरचा) ड्राइव्ह बंद पडतो, एक फेज गेला तर मोटर जळते. म्हणून फेज गेल्यावर बंद करणारा रिले लावाच. कंट्रोलरला छोटा यूपीएस द्या, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी कुठवर कापलं ते हरवत नाही. यंत्राला स्वतंत्र अर्थिंग हवं. आपल्याकडे उन्हाळ्यात मुरूम कोरडा ठाक होतो आणि अर्थिंगचा रोध वाढतो, खड्ड्यात आठवड्याला पाणी ओता. अर्थिंग कच्चं असलं की यंत्र मधूनच एक-दोन मिमी सरकून कापतं आणि लोक सॉफ्टवेअरला दोष देत बसतात.

कापताना बिघडणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. बिट काळं पडत असेल तर नवशिका वेग कमी करतो, तिथेच चुकतो. हळू चाललेलं बिट कापत नाही, घासतं. दोन धारांचं ६ मिमीचं बिट, मिनिटाला १८,००० फेरे, प्रत्येक धारेला ०.१५ मिमी चीप (निघणारा छिलका) धरली तर वेग २ × १८,००० × ०.१५, म्हणजे मिनिटाला ५,४०० मिमी. यंत्र एवढ्या वेगात थरथरत असेल तर फेरे आणि वेग दोन्ही त्याच प्रमाणात कमी करा, नुसता वेग नव्हे. दोन्ही बाजूंना मायका असलेल्या शीटला कम्प्रेशन बिट वापरा. त्याचा खालचा भाग वर ओढतो, वरचा भाग खाली दाबतो. पहिलाच घाव त्या खालच्या भागापेक्षा खोल हवा, नाहीतर वरच्या मायक्याचे तुकडे उडतात. हातरुमालाएवढे छोटे तुकडे व्हॅक्यूमवर टिकत नाहीत, कापून सुटले की फेकले जातात. त्यांना तळाशी ०.३ ते ०.५ मिमीचा पापुद्रा ठेवून नंतर हातानं सोडवा.

कारखान्यातून येणारं तयार फर्निचर बहुतेक पार्टिकल बोर्डाचं (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचं) असतं. पाणी लागलं की खालची कड फुगते आणि परत बसत नाही. आपल्याकडे फरशी बादलीभर पाण्यानं धुतात. अशा घरात तळाला १०० मिमीचे पीव्हीसी पाय आणि खालची कड पट्टीनं बंद केलेली असल्याशिवाय ते बसवून देऊ नका. बसवणारा तुम्ही असाल, तर तक्रार घेऊन लोक तुमच्याच दारात येतात.

शिकायला आणि हत्यारांना पैसे कमी पडत असतील तर पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार हा अठरा व्यवसायांपैकी एक आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला ती सुरू झाली. हत्यारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. घरातल्या एकाच माणसाला लाभ मिळतो, नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात होते. या पैशांत सीएनसी येत नाही. रेषा टाकणारं लेझर, व्हर्नियर, ट्रॅक सॉ आणि चांगलं कॉर्डलेस ड्रिल घ्या. चार ते सहा गुणांच्या कामांना हीच हत्यारं लागतात.

दर कसा लावायचा

वहीचा खरा उपयोग इथे होतो. चौरस फुटाच्या एकाच दरात सगळं कोंबलं, की गिऱ्हाईक तो आकडा कारखान्याच्या आकड्याशी ताडून बघतं, आणि तिथे तुम्ही हरता, कारण कापणीत तुम्ही यंत्रापेक्षा स्वस्त पडूच शकत नाही. अंदाजपत्रकात तीन ओळी करा. माप आणि आराखडा: प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे, काम मिळालं तर वळते करा. कापणी आणि बांधणी: शीटवर, जॉब वर्कचा दर धरून, त्यावर फार नफा चढवू नका. बसवणी: दिवसावर, आणि भिंत कशी आहे ते लिहून. ‘भिंत ओळंब्यात नाही, सात फुटांत २२ मिमी फरक’ असं कागदावर आलं की बसवणीचा दर का जास्त आहे ते सांगावं लागत नाही. दुसऱ्याच्या कारखान्यातला माल नुसता बसवून द्यायचं कामही याच तिसऱ्या ओळीच्या दरानं घ्या. ते कमीपणाचं समजणारे मिस्त्री बरेच आहेत, आणि पुढची काही वर्षं ते काम वाढतच जाणार आहे.

त्याच कागदावर पहिल्या पावसाळ्यानंतरची एक फेरी लिहून ठेवा, गणपती ते दसऱ्याच्या मध्ये कधीतरी. तेव्हा पाखं थोडी सरकलेली असतात. ऑटो बिजागरीचा बाजूचा स्क्रू दोन्हीकडे साधारण २ मिमी खेळ देतो. वरच्या बिजागरीपासून सुरुवात करा, एका वेळी अर्धा फेरा, पाख मिटून बघा, मग खालची.